नारातली हरणं, सहा वर्षांची मुलगी आणि काठी टेकत चालणारी आई: तुमच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न सगळ्यांना कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही जपानला जाताय. सोबत सहा वर्षांची मुलगी आहे, आणि बहात्तर वर्षांच्या आई आहेत. त्या साडी नेसतात आणि गुडघ्यांमुळे काठी घेऊन चालतात. ओसाकाहून एक दिवस नारा शहराला जायचं ठरलंय, तिथल्या मोठ्या उद्यानात हरणं मोकळी फिरतात. हरणं पर्यटकांना चावतात, ढुशा मारतात असे व्हिडिओ पाहून तुमची पत्नी घाबरली आहे. आई मात्र म्हणतात, "देवाची हरणं आहेत, ती कशाला चावतील?" त्यांना घरून नेलेली पोळी हरणांना घालायची आहे. हरणांची शिंगं करवतीने कापतात हे खरं का, आणि नाराऐवजी हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावरची हरणं पाहिली तर चालेल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात जपानी शिकले. आता ओसाकात राहते आणि भारतातून येणाऱ्या कुटुंबांना क्योतो, नारा, हिरोशिमा या भागात फिरवण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. आजी-आजोबा आणि लहान मुलं एकत्र असलेली कुटुंबं हाच माझा मुख्य गिऱ्हाईकवर्ग. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाराला जरूर जा. आई आणि मुलगी, दोघींनाही न्या. मात्र "हरणं चावतात का?" या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. हातात खाणं नसेल, तर नारातलं हरीण बहुतेक वेळा तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. चावण्याचे, ओढण्याचे, ढुशीचे जवळजवळ सगळे प्रसंग मी हरणांसाठी विकली जाणारी बिस्किटं हातात असतानाच पाहिले आहेत. त्यातही एका ठरावीक क्षणी, जेव्हा माणूस हरणाला खाणं दाखवतो आणि देत नाही. तुमचा दिवस कसा जाईल हे त्या क्षणी तुम्ही काय करता यावर पुष्कळसं ठरतं. बाकीचं ऋतूवर, दिवसाच्या वेळेवर आणि जागेवर अवलंबून आहे.

आधी आईंच्या मुद्द्याबद्दल, कारण त्यांची समजूत नीट पटवली तर निम्मं काम होतं. हरणं देवाची आहेत हे अगदी खरं आहे. नाराच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी कासुगा ताइशा हे शिंतो, म्हणजे जपानच्या पारंपरिक धर्माचं, देवस्थान आहे, स्थापना इ.स. ७६८ ची. इथले एक देव, ताकेमिकाझुची, दूर पूर्वेकडच्या काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून या डोंगरावर आले अशी कथा आहे. तेव्हापासून इथली हरणं त्या देवांचे दूत मानली जातात. एके काळी हरीण मारणाऱ्याला देहदंड होता. आपल्याकडचे बरेच लोक सारनाथच्या मृगदावाशी, बुद्धांच्या पहिल्या उपदेशाशी, याचा संबंध जोडतात. शेजारीच तोदाइजी या बौद्ध मंदिरात भव्य बुद्धमूर्ती असल्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण नाराच्या हरणांचं पावित्र्य कासुगाच्या देवांकडून आलेलं आहे. आईंना भारताशी असलेलं नातं सांगायचंच असेल तर ते तोदाइजीत सांगा: ७५२ साली तिथल्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतातून गेलेल्या भिक्षूंच्या हातून झाला होता. हे ऐकल्यावर आमच्याकडच्या आजी-आजोबांचे हात आपोआप जोडले जातात.

पण देवाची असली तरी ही हरणं पाळलेली नाहीत. त्यांचा कुणी मालक नाही. रात्री त्यांना कुणी गोठ्यात बांधत नाही आणि रोजचा चाराही घालत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती वन्य प्राणी आहेत, आणि १९५७ पासून देशाचं संरक्षित नैसर्गिक वैभव. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असं दिसलं, की आसपासच्या प्रदेशातल्या हरणांपासून हा कळप हजार वर्षांहून जास्त काळ वेगळा राहिलेला आहे. बाकीकडे शिकार होत राहिली, इथे देवस्थानाच्या आश्रयाने ती टिकली. तरीही दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, उपासमारीच्या दिवसांत, १९४५ मध्ये जेमतेम ७९ हरणं उरली होती. आज ती तेराशेच्या वर आहेत. इतक्या पिढ्या माणसांत राहून त्यांची भीती गेली आहे, आणि माणूस म्हणजे खाणं हे ती शिकली आहेत. आईंना मी असं सांगेन: देवळाबाहेर गाय उभी असते, तिला आपण हात जोडतो, तरी तिच्या शिंगांच्या टप्प्यात लहान मुलाला एकटं सोडत नाही. तसंच इथे वागायचं.

आता बिस्किटांकडे येते. उद्यानात जागोजागी 'शिका सेंबे' विकणाऱ्या छोट्या गाड्या असतात. पापडासारख्या पातळ, गोल दहा चकत्या कागदी पट्टीने बांधलेल्या, किंमत २०० येन. त्यात गव्हाचं पीठ आणि तांदळाचा कोंडा असतो. साखर नाही, मसाला नाही. ती पट्टीसुद्धा हरणाने खाल्ली तरी त्रास होऊ नये अशा कागदाची आणि शाईची केलेली असते. या बिस्किटांच्या विक्रीतून हरणांची निगा राखणाऱ्या संस्थेला पैसा मिळतो. जखमी हरणांवर उपचार, गाभण माद्यांची सोय, मोजणी ही सगळी कामं ती संस्था करते. म्हणजे बिस्किटं घेणं वाईट नाही. घेतल्यावर काय करता, ते महत्त्वाचं.

गाडीपाशी थोडा वेळ उभं राहून बघा. बिस्किटांची चळत तिथेच मांडलेली असते आणि दोन हातांवर हरणं शांत उभी असतात, सहसा तिला तोंड लावत नाहीत. तुम्ही पैसे दिलेत आणि चळत तुमच्या हातात आली, की त्याच क्षणी त्यांच्या माना वर होतात. दोन-तीन सेकंदांत चार-पाच हरणं तुमच्या भोवती. इथे नवख्या माणसाच्या हातून हमखास एक गोष्ट होते: तो कागदी पट्टी सोडवायला लागतो, दुसऱ्या हाताने मोबाइल काढतो आणि "थांब थांब, फोटो काढूया" म्हणत बिस्किट डोक्याच्या वर धरतो. समोरचं हरीण मान खाली-वर करतं. लोक म्हणतात, बघा, नमस्कार केला! पुन्हा करवतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी हरणाची मान झटक्याने हलायला लागते, कान मागे जातात, आणि मग पोटाला ढुशी बसते किंवा मागून दुसरं हरीण कमरेखाली चावतं.

हे मान लववणं त्यांनी माणसांकडून खाणं मिळवण्यासाठी शिकलेलं आहे. पहिल्या वेळी ती मागणी असते. पुन्हा पुन्हा आणि जोरात होऊ लागली की त्यात चीड असते. नर एकमेकांशी झुंजण्यापूर्वीही डोकं खाली घेतात, हे लक्षात ठेवलंत तर ती हालचाल तुम्हाला वेगळी दिसेल. म्हणून माझा नियम सोपा आहे: हरणाने एकदा मान लववली, की लगेच बिस्किट द्यायचं. दाखवून ठेवायचं नाही, पाठीमागे लपवायचं नाही, मुलीला "आधी तू वाकून नमस्कार कर, मग ते करेल" असं खेळायला लावायचं नाही. फोटो काढणारा माणूस वेगळा हवा, आणि चळत हातात येण्याआधी तो कॅमेरा सुरू करून उभा हवा. दहा बिस्किटं मिनिट-दीड मिनिटात संपतात, तेवढ्यात भरपूर फोटो मिळतात.

संपल्यावर दोन्ही तळहात उघडे करून हरणांसमोर धरायचे. "संपलं" ही खूण इथली हरणं ओळखतात. थोडं हुंगतात आणि निघून जातात. एखादं रेंगाळलं तर तसंच हात दाखवत सावकाश बाजूला व्हायचं. पळायचं मात्र नाही. पळालात तर ती मागे येतात, आणि पळताना माणूसच पडतो.

चावणं म्हणजे नेमकं काय, तेही सांगते, कारण व्हिडिओत ते फार भयंकर वाटतं. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती कडक गादी असते. त्यामुळे कुत्र्यासारखा लचका तुटत नाही, जोराचा चिमटा बसतो. काळंनिळं होतं, कधी कातडी सोलवटते. खऱ्या गंभीर दुखापती होतात त्या पडल्यामुळे आणि शिंगांमुळे. २०१८ च्या सुमारास वर्षाला दोनशेच्या आसपास लोक जखमी झाल्याच्या नोंदी होत्या. लाखो पर्यटकांच्या मानाने आकडा छोटा आहे, पण हाड मोडणाऱ्यांत वयस्कर माणूस असला तर तो सबंध प्रवास तिथेच संपतो. म्हणून तुमच्या घरात मला मुलीपेक्षा आईंची काळजी जास्त वाटते.

तरी आधी मुलीचं बघू. सहा वर्षांच्या मुलीचं तोंड आणि हरणाचं तोंड जवळपास एका उंचीवर येतं. तिला चळत हातात द्यायची नाही. चळत तुमच्याकडे, एका वेळी एकच बिस्किट तिच्या हातात, आणि तुम्ही तिच्या पाठीला लागून उभे. बिस्किट एका कडेला धरून हात लांब करायचा. हरणाचं तोंड लागलं की सोडून द्यायचं, शेवटच्या तुकड्यापर्यंत धरून ठेवायचं नाही. एकच हरीण समोर असेल अशी जागा निवडा. तिसरं हरीण आलं की उरलेली बिस्किटं तुम्ही स्वतः पटापट वाटून टाका आणि हात उघडे दाखवा. ती घाबरली तर उचलून घ्या, पण आधी हातातली बिस्किटं खाली टाका. मूल आणि बिस्किटं दोन्ही एकदम उचलली, तर हरणं त्या उचललेल्या मुलाच्याच मागे लागतात. आणि बिस्किट तिला चाखू देऊ नका. मुलं हटकून विचारतात.

हात लावायचा तर मोठ्या माणसाने, शांत बसलेल्या मादीच्या खांद्यापाशी, हळूच, आणि तिने मान वळवली की सोडून द्यायचं. खरं म्हणजे न लावलेलाच बरा, कारण हरणांच्या अंगावर गोचिड्या असतात. हिरवळीवर बसकण मारू नका आणि जेवण्यापूर्वी हात साबणाने धुवा. हिरवळीवर लेंड्या सगळीकडे असतात, त्याला इलाज नाही. मुलगी चौकस असेल तर तिला त्या लेंड्यांजवळ वाकून बघायला लावा. निळ्या-जांभळ्या धातूसारखे चमकणारे शेणकिडे दिसले तर दाखवा. हरणं गवत खातात, लेंड्यांमधून गवताचं बी पसरतं, किडे लेंड्या मातीत मिसळवतात आणि गवत पुन्हा वाढतं. एवढ्या मोठ्या उद्यानाची हिरवळ मुख्यतः अशी राखली जाते. माझ्यासोबत आलेली मुलं बिस्किटं विसरतात, हे किडे विसरत नाहीत.

आता आई. साडीच्या बाबतीत दोन गोष्टी. पदर खोचलेला हवा, खांद्यावरून मागे सुटलेला नको. शालही लोंबती नको. लोंबणारं कापड हरणं तोंडात धरून ओढतात, आणि मागून अचानक ओढ बसली की काठीचा तोल जातो. दुसरं, आईंच्या हातात कोणतीही पिशवी नको, कागद तर मुळीच नको. नकाशा, तिकीट, माहितीपत्रक, सगळं हरणांना खाऊच वाटतं. पासपोर्ट, गोळ्यांची पाकिटं आणि चष्मा चेन असलेल्या पर्समध्ये, आणि पर्स तुमच्या अंगावर.

आईंनी बिस्किटं स्वतः द्यावीत का? काठी लागत असेल तर उभ्याने नको. त्यांची फार इच्छा असेल तर गर्दीपासून दूर, बाकाला पाठ टेकून त्या बसल्या आहेत, तुम्ही शेजारी आहात आणि समोर एकच मादी आहे, अशा वेळी एक-दोन बिस्किटं द्यायला हरकत नाही. चळत तुमच्याकडे. मागच्या शरदात एका आजींना मी असंच बसवलं होतं. मादीने बिस्किट घेतलं, चावून संपवलं आणि तिथेच आजींच्या पायापाशी रवंथ करत बसली. आजींनी तिच्याकडे बघत अख्खा अर्धा तास काढला. बाकीची मंडळी मोठं देऊळ पाहून आली, तरी त्या उठायला तयार नव्हत्या. हरणं अशीच भेटावीत असं मला मनापासून वाटतं.

यासाठी जागा महत्त्वाची. सगळ्यात जास्त गर्दी, सगळ्यात जास्त गाड्या आणि सगळ्यात आक्रमक हरणं तोदाइजीच्या मोठ्या दक्षिण दरवाज्यासमोर असतात. तिथली हरणं दिवसभर बिस्किटांवरच असतात. तिथे बिस्किटं घेऊ नका, नुसतं चालत जा. कासुगा देवस्थानाच्या वाटेवर तोबिहिनो नावाचं मोठं उघडं कुरण आहे, तिथे हरणं खरोखर चरत असतात आणि जागा भरपूर मिळते. वेळेचंही तसंच. सकाळी हरणं भुकेली असतात आणि हिसकतात. गर्दीच्या दिवशी दुपार कलली, की त्यांची पोटं भरलेली असतात आणि ती झाडाखाली बसलेली सापडतात. लहान मूल बरोबर असेल तर मी बिस्किटांचा कार्यक्रम दुपारनंतरच ठेवते. मात्र पावसाळी, ओसाड दिवशी हे गणित बदलतं. तेव्हा दुपारीही ती भुकेली असू शकतात. आधी दुरून बघा: बसलेली हरणं जास्त की माणसांच्या मागे फिरणारी जास्त?

ऑक्टोबर हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील आहे. मे ते जुलै हा पाडसांचा काळ, तेव्हा माद्या पिल्लापाशी कुणाला फिरकू देत नाहीत. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा नरांचा माज असतो. तुम्ही नेमके त्यात जाताय. माजावरचा नर ओळखणं अवघड नाही. त्याच्या मानेवर आयाळीसारखे केस वाढलेले असतात. तो चिखलात लोळलेला असतो, त्यामुळे मान आणि पोट काळं, ओलसर दिसतं. उग्र वास दुरूनच येतो. मधूनच तो मान उंच करून लांबलचक, चिरका आवाज काढतो. असा नर दिसला तर शिंगं असोत की नसोत, त्याच्यापासून लांब राहा. त्याच्या आणि माद्यांच्या मधून जाऊ नका, त्याला बिस्किट देऊ नका, त्याच्यासोबत फोटो नको. मोठ्या नराची ताकद कमी लेखू नये. आपल्यासारख्या धडधाकट माणसालाही तो सहज आडवा करतो. मग बिस्किट द्यायचं कुणाला? बिनशिंगांच्या, बारीक मानेच्या, कोरड्या अंगाच्या माद्यांना. मुलीला हा फरक आधीच चित्रात दाखवून ठेवा. मुलं तो मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

शिंगकापणीबद्दल. होय, शिंगं कापतात, आणि करवतीनेच. याच माजाच्या काळात माणसं आणि हरणंही शिंगांनी जखमी होऊ नयेत म्हणून १६७० च्या सुमारास ही पद्धत सुरू झाली. आज ऑक्टोबरमध्ये कासुगाजवळच्या रोकुएन या हरणांच्या आवारात ती समारंभाने होते. डोक्याला पट्टी बांधलेले लोक नराला दोर टाकून धरतात आणि चटईवर निजवतात. शिंतो पुरोहित त्याला शांत करण्यासाठी पाणी पाजतात आणि मग शिंगं कापतात. ती शिंगं देवापुढे ठेवली जातात. दर वर्षी वसंतात शिंगं गळतात आणि नवी फुटतात. वाढीच्या दिवसांत त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते आणि आतून रक्त फिरतं. शरदापर्यंत ती वाळून नुसतं हाड उरतं. त्यामुळे कापताना आपली नखं कापल्यासारखंच, दुखत नाही. त्रास होतो तो पकडण्याचा, पाठलागाचा. नर जिवाच्या आकांताने धावतात, आणि ते पाहणं सगळ्यांना जमत नाही. तुमच्या आईंना आणि मुलीला ते दाखवावं असं मला वाटत नाही. कारण मात्र दोघींनाही जरूर सांगा. समारंभाव्यतिरिक्तही बऱ्याच नरांची शिंगं त्याआधीच कापलेली असतात, म्हणून उद्यानात तुम्हाला खुंट दिसतील. सगळ्यांची कापलेली नसतात, हे विसरू नका.

आता पोळीचा प्रश्न, जो आईंना सांगणं तुम्हाला सगळ्यात जड जाणार आहे. घरची पोळी, भाकरवडी, केळं, शेंगदाणे, ब्रेड, काहीही नको. हरणाचं पोट रवंथ करणाऱ्या जनावराचं आहे. गवत पचवणारे सूक्ष्मजीव त्यात असतात, आणि त्यांच्या भरवशावर ते जनावर जगतं. तेलाचं, गोडाचं, मैद्याचं खाणं त्यात पडलं की ती सगळी घडी विस्कटते. बिस्किटंसुद्धा केवळ चघळायला असतात. त्यांचं खरं अन्न हिरवळ, झाडपाला आणि शरदात पडणारी ओकची फळं.

त्याहून वाईट म्हणजे खाण्याभोवतीचं प्लॅस्टिक. वास लागलेली पिशवी हरीण तशीच गिळतं. ती पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. पोटात गोळा होत जाते, आणि पोट भरल्यासारखं वाटून जनावर खाणं सोडतं. २०१९ मध्ये उद्यानात मेलेल्या काही हरणांची पोटं तपासली तेव्हा चौदापैकी नऊंच्या पोटात प्लॅस्टिक सापडलं, एकाच्या पोटात ४.३ किलो. उद्यानात कचरापेट्या फारशा नाहीत, तेही याच कारणाने, कारण हरणं त्या उचकटत. आपला कचरा आपल्याच पिशवीत घेऊन हॉटेलवर जायचं. तुमच्यासारखी शाकाहारी मंडळी खाणं बरोबर बाळगणारच, मी काही ते बाळगू नका म्हणत नाही. ते झिप असलेल्या बॅगेत, डब्यात ठेवा आणि उद्यानाबाहेर, स्टेशनजवळच्या बंद जागेत बसून खा. हिरवळीवर चिवड्याचं पाकीट उघडलं की त्या कुरकुरीत आवाजानेच हरणं उठतात. हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

आईंना नुसतं "नाही" म्हणू नका. बिस्किटांचे दोनशे येन त्यांच्या हातून द्यायला लावा आणि सांगा की हा पैसा हरणांच्या औषधपाण्याला जातो. आमच्याकडे आलेल्या एका सासूबाईंनी एवढं ऐकल्यावर बिस्किटांच्या दोन चळती विकत घेतल्या, पण स्वतः एकही दिलं नाही, नातवाकडूनच वाटायला लावली. त्यांना जे पुण्य हवं होतं ते त्यांना तिथे मिळालं असं त्या स्वतःच म्हणाल्या.

चावलंच तर? साबण आणि भरपूर वाहत्या पाण्याने जखम धुवा. आपल्याकडे जनावर चावलं की पहिला विचार रेबीजचा येतो. जपानमध्ये १९५७ नंतर प्राण्यांत रेबीज आढळलेला नाही, त्यामुळे त्या भीतीने रात्र जागवू नका. पण कातडी फुटली असेल तर डॉक्टरांना दाखवाच, धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवून सांगा आणि प्रवासविम्याचा नंबर हाताशी ठेवा. आई पडल्या आणि कंबर किंवा मनगट दुखत असेल तर त्यांना उठवून चालवू नका, ११९ ला फोन करा. कुणी जखमी हरीण दिसलं तर जवळ जाऊ नका, बिस्किटवाल्या बाईंना सांगा, त्यांना कुणाला कळवायचं ते माहीत असतं. आणि कितीही राग आला तरी हरणाला मारू नका. काही पर्यटकांनी लाथा मारल्याचे प्रकार झाल्यानंतर प्रांताने त्याबद्दलचे नियम अलीकडे आणखी स्पष्ट केले आहेत.

दिवसाची आखणी मी अशी करेन. ओसाका नांबाहून किंतेत्सु या खासगी रेल्वेच्या गाडीने तासाच्या आत किंतेत्सु नारा स्टेशन. जेआर रेल्वेच्या नारा स्टेशनपेक्षा हे स्टेशन उद्यानाला बरंच जवळ, आईंसाठी तेच बरं. तिथून बसने तोदाइजीपर्यंत, हातात काही न घेता महाबुद्धाचं दर्शन. मग स्टेशनकडे परत येऊन जेवण, आईंना थोडी विश्रांती. दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा बसने कासुगाच्या थांब्यापर्यंत, तोबिहिनोच्या कुरणात हरणं आणि बिस्किटं. आईंचे पाय चालत असतील तर दगडी दिव्यांच्या रांगांतून देवळापर्यंत जा, नाही तर कुरणातूनच हात जोडून परत. वाट खडीची आहे, काठीच्या टोकाला रबरी टोपण बसवून आणा.

मियाजिमाबद्दल तुम्ही विचारलंत. तिथे हरणं आहेत, पाण्यातल्या मोठ्या लाल तोरीपाशी, म्हणजे देवस्थानाच्या कमानीपाशी, ती दिसतातही. पण तिथे खाणं घालायला बंदी आहे आणि बिस्किटं मिळत नाहीत. हरणांना माणसांच्या खाण्यावरून पुन्हा जंगलाकडे वळवावं असं तिथल्या लोकांनी ठरवलं आहे. तरीही ती कागद ओढतात, पिशव्या तपासतात, तिकिटं खातात. तेव्हा मियाजिमा नाराची जागा घेऊ शकत नाही. आई आणि मुलीला हरणं जवळून बघायची असतील तर नाराच. मियाजिमाला जाणार असाल तर तिथे रिकाम्या हातांनी जायचं, हे मुलीला फेरीबोटीत बसायच्या आधीच सांगून ठेवा.

नाराला जाण्याची नेमकी तारीख ठरली की इथेच कळवा. शिंगकापणीच्या दिवशी कासुगाकडच्या बसला खूप गर्दी असते. तो दिवस टाळता आला तर आईंना बसायला जागा मिळेल.